पाच खिडक्या, सहा पडदे

त्या वर्षांत आमच्या सुदामा नगरात वीज वेळापत्रकाप्रमाणे जायची आणि यायची मात्र स्वतःच्या मर्जीनं. वीज गेली की घराचे आवाज एकेक करून खाली बसत. आधी हॉलमधला पंखा दोन गिरक्या जास्तीच्या घेऊन कुरकुरत थांबायचा, मग फ्रिज एकदा अंग झाडायचा, आणि सगळ्यात शेवटी मागच्या खोलीतलं शिलाई मशीन अर्ध्या टाक्यात गप्प व्हायचं. त्यानंतर पमाआत्याचा आवाज यायचा, "गेली!" आपल्याला जे दिसतंय ते कुणीतरी जाहीर केल्याशिवाय खरं होत नाही, असा तिचा विश्वास असावा. स्वयंपाकघरातून आई म्हणायची, "माहीत पडलं, वन्सं." आणि बाबा पुठ्ठ्यानं वारा घ्यायला लागायचे. ऑफिसातून आणलेल्या फायलींची जुनी कव्हरं त्यांनी याच कामासाठी जपून ठेवली होती.

पमाआत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. यजमान गेल्यावर पहिल्याच भाद्रपदात ती देवासहून आमच्याकडे महालक्ष्म्यांना आली, तीन दिवसांसाठी, एक पत्र्याची पेटी घेऊन. बाकीच्या भागांत गौरी म्हणतात, आमच्याकडे महालक्ष्म्या. त्या वर्षी महालक्ष्म्या तिसऱ्या दिवशी रीतसर गेल्या, आत्या राहिली. कुणी राहा म्हटलं नाही आणि कुणी जा म्हटलं नाही. मागची खोली तोपर्यंत अडगळीची होती. तिथल्या सतरंज्या आणि मोडका पाळणा गच्चीवर गेला आणि आत्याची पेटी आत आली. पुढे तिनं मोटर लावलेलं मशीन घेतलं, फाटकावर 'पिको-फॉल करून मिळेल' अशी पाटी लागली, आणि कॉलनीतल्या निम्म्या साड्या आमच्या मागच्या खोलीतून जाऊन येऊ लागल्या. त्या खोलीला एकच खिडकी होती, तीही शेजाऱ्यांच्या भिंतीकडे तोंड करून. म्हणून तिथे दिवसाही बल्ब लागायचा.

मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो आणि मला इंजिनिअरिंग येत नव्हतं. ही गोष्ट मला, माझ्या जोडीदाराला आणि आमच्या गाइड सरांना माहीत होती. घरच्यांपर्यंत अजून पोचली नव्हती. जोडीदार म्हणजे लोकेश. त्याच्या वडिलांचं बडा गणपतीजवळ नमकीनचं दुकान होतं आणि नोकरी लागली नाही तर गल्ल्यावर बसायचं, एवढं त्याचं भविष्य ठरलेलं होतं. इंजिनिअर्स डेला कॉलेजात प्रोजेक्टांचं प्रदर्शन असायचं. त्यात पहिल्या येणाऱ्या जोडीला पीथमपूरच्या एका कारखान्यात ट्रेनिंगला घेणार, असं सरांनी सांगितलं होतं. ट्रेनिंगमधून नोकरी निघते असं सगळे म्हणत. त्यामुळे लोकेशसाठी ती स्पर्धा नव्हतीच; ती शेवेच्या कढईपासून पळून जायची एकमेव वाट होती. माझ्यासाठीही तसंच काहीसं होतं, फक्त माझ्याकडे पळून जायला कढईसुद्धा नव्हती.

विषय सरांनीच दिला. सूर्यावर चालणारं, बाहेरून एक युनिटही न घेणारं घर. त्याचा हिशोब करायचा आणि मॉडेल बनवायचं. आज आमच्या गल्लीत बारापैकी नऊ छतांवर सोलर आहे आणि पापड वाळवायला जागा उरली नाही म्हणून बायका भांडतात. तेव्हा मात्र तळहाताएवढं एक पॅनेल सरांच्या कपाटात कुलपात असायचं आणि ते आम्हाला देताना सरांनी दोन्ही हातांनी दिलं. लोकेश मला म्हणाला, "भिया, घर कौन सा लें?" मी म्हटलं, आमचंच घेऊ, मापं घ्यायला रिक्षा करावी लागणार नाही.

मग मी वही घेऊन घरभर फिरलो. कुठला दिवा किती वॅटचा, किती तास चालतो, पंखा किती, मिक्सर किती. आईला वाटलं विजेच्या ऑफिसात माझी ओळख निघाली. "लिहून घे, मिक्सर फक्त चटणीपुरता," ती म्हणाली, "आणि गीझर लिहू नकोस, तो बिघडलेला आहे." आत्या मात्र खरी इंजिनिअर निघाली. तिनं बल्बचे तास सांगितले, मशीनच्या मोटरवरचा पत्रा पुसून आकडा वाचून दाखवला, आणि वर म्हणाली, "सणाच्या दिवसांत दुप्पट धर हं, शिऱ्या. साड्या वाढतात." माझं नाव श्रीकांत. शिऱ्या म्हणणारं माणूस जगात एकच होतं.

हिशोब साधा होता. दिवसभरात सूर्यानं जेवढं दिलं तेवढ्यात दुसऱ्या दिवसाच्या उन्हापर्यंत घर चालायला हवं. सरांनी ठरवून दिलेल्या पॅनेलमध्ये आणि बॅटरीत आमचं घर काही चालेना. आम्ही पंख्याचे तास कमी केले, फ्रिज लहान केला, बाबांना कागदोपत्री नऊ वाजता झोपवलं. तरीही कमी पडायचं, आणि दर वेळी साधारण तेवढंच. लोकेशनं त्या आकड्याखाली बोट ठेवलं. मग तेच बोट यादीतून सरकवत मागच्या खोलीपाशी नेलं. "ये देख. ये कमरा हटा दे तो घर चल जाएगा." मी म्हटलं, "अरे, तिथं आत्या राहते." तो म्हणाला, "असल में थोड़े ही हटा रहे, यार. कागज पे."

आता बसून विचार करतो की तेव्हा मी काही बोलायला हवं होतं. पण त्या वयात माझा एक स्वभाव होता, आणि खरं म्हणजे तो अजून गेलेला नाही: समोरचा खात्रीनं बोलला की मला तो बरोबर वाटतो. मी पट्टी घेऊन मॉडेलातली मागची खोली बंद केली, तिच्या खिडकीवर सनबोर्डचा सपाट तुकडा लावला आणि आत मोटरसायकलची बॅटरी ठेवली. चार्टवर लिहिलं: बॅटरी रूम. राहणारी माणसं: तीन. घर चाललं.

मॉडेल मात्र झकास झालं होतं. टेपरेकॉर्डरच्या मोटरीचा पंखा फिरायचा, टॉर्चचे बल्ब लागायचे, अंगणात स्पंजाचं झाड होतं. पावसाळी आभाळ पंधरा दिवस उघडलं नव्हतं, त्यामुळे बाहेरून एक युनिटही न घेणाऱ्या आमच्या घराची बॅटरी लोकेशच्या मामाच्या गॅरेजमध्ये चार्ज व्हायची. ती आम्ही पोत्यात गुंडाळून न्यायचो.

पडद्यांची कल्पना आईची. म्हणाली, खिडक्या बोडक्या दिसतात, वन्संकडून पडदे शिवून घे. आत्यानं ब्लाउजपिसाच्या चिंध्या काढल्या, निळ्यावर पांढरे ठिपके असलेली एक निवडली, आणि टेप घेऊन मॉडेलपुढे बसली. चष्मा कपाळावर, दोरा दातांत. "हॉलच्या दोन," ती मोजत होती. "स्वयंपाकघराची एक. तुझ्या आईबाबांच्या खोलीच्या दोन. पाच झाल्या." मग तिनं ते घर हळूच फिरवून मागची बाजू आपल्याकडे केली. सपाट सनबोर्डवरून बोट फिरवलं. "आणि ही?"

"तिथं बॅटरी असते, आत्या," मी म्हटलं.

"अच्छा," ती म्हणाली. दोरा तोडला आणि मशीन सुरू केलं. एवढंच. मी पोहे खायला गेलो.

दोनच दिवसांनी महालक्ष्म्या यायच्या होत्या. आमच्या आईचं त्या तीन दिवसांत देवींपेक्षा समोरच्या साने काकूंकडे जास्त लक्ष असायचं. आदल्या वर्षी काकूंनी आरासीत चालतं कारंजं केलं होतं आणि हळदीकुंकवाला आलेल्या बायका आमच्याकडे दोन मिनिटं आणि तिकडे अर्धा तास बसल्या होत्या. हा अपमान आईनं वर्षभर सांभाळून ठेवला होता. माझ्या मॉडेलचे दिवे लागलेले पाहिले आणि तिच्या डोळ्यांत जे आलं ते मी ओळखायला हवं होतं. "तुझं प्रदर्शन कधी?" मी म्हटलं, विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी. "मग तोवर आरासीत ठेवून दे ना. खराब थोडंच होतंय?" मी हो म्हटलं. समोरचा खात्रीनं बोलला होता.

आवाहनाच्या संध्याकाळी कुंकवाच्या पावलांवरून महालक्ष्म्या घरात आल्या, उभ्या राहिल्या, साड्या नेसल्या. दोघींच्या मधोमध माझं घर. महालक्ष्म्यांबरोबर त्यांची दोन बाळंही असतात. आईला छतावरचं पॅनेल नेमकं पाटासारखं वाटलं, तेव्हा बाळं त्यावर बसली. अंगणात, स्पंजाच्या झाडाखाली, गव्हाची आणि तांदळाची रास पडली. साने काकू दोनदा येऊन गेल्या आणि दुसऱ्यांदा काही न बोलता गेल्या. आई त्या संध्याकाळी पंचवीस वर्षांची दिसत होती.

दुसरा दिवस पूजनाचा, जेवणाचा. सकाळपासून पुरणाचा वास, सोळा भाज्यांची चिरणी, आंबील घोटल्याचा आवाज. आत्या सोवळ्यात पुरण वाटत होती, बाबा जानवं सावरत फुलं निवडत होते. तेवढ्यात फाटकाबाहेर स्कूटर थांबली आणि लोकेश ओरडत आत आला. "श्रीकांत! आज है! आज ही है!" मुख्य पाहुण्यांना ठरल्या दिवशी कुठेतरी जायचं होतं, म्हणून प्रदर्शन अलीकडे ओढलं होतं. कॉलेजात सूचना लागली होती. ती वाचायला आम्ही दोघं सोडून सगळे गेले होते. "बारा बजे जज आ रहे. चल, उठा घर को."

त्यानं हॉलमध्ये पाऊल टाकलं, आणि घर कुठे आहे ते पाहिलं. मग उलटा बाहेर जाऊन चपला काढून आला आणि हात जोडून उभा राहिला.

"आई," मी म्हटलं, "मॉडेल न्यायचंय."

"कुठून?" आई म्हणाली. तिच्या हातात नैवेद्याचं ताट होतं. "बसवलेल्या महालक्ष्म्या आहेत, श्रीकांत. उद्या विसर्जन झाल्याशिवाय तिथला तांदळाचा दाणासुद्धा हलवत नाहीत."

"अगं, पण माझं वर्ष..."

"मला काय माहीत पडणार आज आहे म्हणून! तूच म्हणालास ना परवा?" तिचा आवाज रडवेला झाला. चूक माझी होती आणि रडू तिला येत होतं, ही आमच्या घरातली कायमची व्यवस्था. मी बाबांकडे पाहिलं. बाबांनी फुलांकडे पाहिलं. "ताईला विचार," ते म्हणाले. "या गोष्टी तिला जास्त कळतात."

आत्या पाटा-वरवंटा सोडून उठली. हात पुरणानं माखलेले, ते तसेच अंगापासून लांब धरून ती दारात आली. माझ्याकडे पाहिलं, लोकेशकडे पाहिलं. लोकेश म्हणाला, "बुआजी, नौकरी का सवाल है."

"मग ने की," आत्या म्हणाली. "बाळांना मी मांडीवर घेते. तांदूळ ताटात काढ."

"वन्सं!" आई म्हणाली.

"अगं, रागवायच्या नाहीत त्या. तीन दिवसांच्या पाहुण्या. लेकीबाळींना सवय असते, घर इकडचं तिकडे झालं तरी चालवून घेतात." आणि मला म्हणाली, "ने, शिऱ्या. उशीर करू नकोस."

मी गुडघ्यांवर बसलो. बॅटरीची तार मागून होती, म्हणून महालक्ष्मीच्या निऱ्यांमागून हात घालून मागच्या बाजूला वाकलो. आणि तिथे, जिथे मी खिडकी बुजवली होती त्या सपाट भिंतीवर, निळ्यावर पांढऱ्या ठिपक्यांचा सहावा पडदा चिकटवलेला होता. खालची किनार इतरांसारखीच दुमडून शिवलेली, वर दोऱ्याच्या बारीक चुण्या. बोट लावून पाहिलं. मागे भिंतच होती.

"आत्या, हा..."

"तो होय? शिवून झाला होता," ती दारातूनच म्हणाली. "वाया कशाला घालवायचा? मागून घर बोडकं दिसत होतं."

त्यात टोमणा असता तर बरं झालं असतं, मी चिडून घर उचललं असतं. पण ती खरोखरच चुण्या नीट बसल्या आहेत का, हे लांबून डोळे बारीक करून पाहत होती. मी दोन्ही हात मॉडेलच्या फळीखाली घातले. ते तसेच राहिले.

"उठा ना," लोकेश म्हणाला.

"नहीं उठ रहा."

"अबे, चार किलो का है!"

"तू उठा ले."

लोकेशनं एकदा देवींच्या मुखवट्यांकडे पाहिलं, एकदा छतावर बसलेल्या बाळांकडे. "मैं नहीं, भिया," तो हळूच म्हणाला. "माता बैठी हैं." चार किलोचं घर, दोन होणारे इंजिनिअर, आणि कुणाच्यानं ते हलेना. घड्याळात साडेअकरा झाले होते. शेवटी मी भिंतीवरचा चार्ट काढला, गुंडाळी केली आणि आम्ही स्कूटरवर बसलो.

प्रदर्शनात आमच्या टेबलावर पांढरी चादर होती आणि चादरीवर काहीच नव्हतं. एका बाजूला कुणीतरी पवनचक्की फिरवत होतं, दुसऱ्या बाजूला पाण्यावर उचलणारा जॅक, आणि मधे आम्ही एका कागदापुढे हात मागे बांधून. परीक्षक वयस्क होते, शर्टाच्या खिशात तीन पेनं. त्यांनी चादरीकडे पाहिलं. "घर किधर है?"

"सर, पूजा में बैठा है," लोकेश म्हणाला. मागची मुलं हसली. परीक्षक हसले नाहीत. त्यांनी चार्ट वरपासून वाचायला घेतला, बोट फिरवत, मान हलवत. त्यांना आवडत होता, ते मला दिसत होतं. आमचे सर मागून डोळ्यांनी मला धीर देत होते.

"अच्छा काम है. कितने लोग हैं घर में?" त्यांनी नुसतं विचारायचं म्हणून विचारलं. उत्तर चार्टवर होतं.

"चार," मी म्हटलं.

लोकेशनं माझ्या पायावर पाय दिला. परीक्षकांचं बोट थांबलं. "यहां तीन लिखा है."

"चार हैं, सर. एक पीछे वाले कमरे में रहती हैं."

"उनका लोड?"

मला पाठ होतं. बल्ब, मोटर, तास, सणाचे दुप्पट. त्यांनी खिशातलं मधलं पेन काढून माझ्या हातात दिलं. "जोड़ो." मी तिथेच, सगळ्यांसमोर, आमच्या सुंदर अक्षरातल्या चार्टवर मागची खोली लिहिली आणि बेरीज केली. पुन्हा तेवढंच कमी पडलं.

"फिर तो ये घर नहीं चलेगा."

"नहीं चलेगा, सर."

त्यांनी पेन परत घेतलं, टोपण लावलं, आणि पवनचक्कीकडे गेले. माझ्या आयुष्यातलं एकमेव बरोबर आलेलं गणित ते, आणि त्याचे गुण मिळाले नाहीत. परत येताना लोकेशनं राजमोहल्ल्यापर्यंत स्कूटर सुसाट हाकली. मग म्हणाला, "बोल देता तीन." मी म्हटलं, "बोल देता." त्यानं मला फाटकाशी सोडलं, आई जेवायला बोलवत होती तरी आत आला नाही. पुढे तो गल्ल्यावर बसला. अजूनही बसतो, आता पोट सुटलंय, दुकानाच्या छतावर भलंमोठं सोलर आहे. मी गेलो की लवंगी शेव बांधून देतो आणि गिऱ्हाइकांना सांगतो, या माणसानं माझी नोकरी घालवली. हसतच सांगतो. पण प्रत्येक वेळी सांगतो.

त्या दिवशी घरी पोचलो तेव्हा पंगती उठल्या होत्या. आत्यानं माझं पान झाकून ठेवलं होतं. "मिळालं काही?" तिनं विचारलं. मी नाही म्हटलं. "मग जेव," ती म्हणाली आणि पुरणपोळीवर तूप सोडलं. बाबांनी शेजारी बसून, काहीतरी करायचं म्हणून, माझ्या वरणावर जीरावन मसाला भुरभुरला. आतल्या बाजूला महालक्ष्म्यांमधे माझं घर लुकलुकत होतं. ते आता कुणाला दाखवायचं राहिलं नव्हतं.

"आत्या," मी म्हटलं, "विसर्जन झालं की मी तिथं खिडकी पाडतो."

"नको रे," ती म्हणाली. "ती भिंत कमजोर होईल. वर पॅनेल आहे ना."

मी खिडकी पाडली नाही. ती म्हणाली म्हणून नाही, उद्या करू म्हणून. पुढे मला एका ऑफिसात साधी नोकरी लागली, घरात इन्व्हर्टर आला, तेव्हा पहिला पॉइंट मी हट्टानं मागच्या खोलीला द्यायला लावला. आत्यानं तो दिवा बहुतेक वेळा बंदच ठेवला. डोळ्यांवर येतो म्हणाली. मॉडेल माळ्यावर गेलं, पंखा बंद पडला, बॅटरी भंगारात गेली, पण दर भाद्रपदात आई ते खाली काढायची आणि महालक्ष्म्यांमधे ठेवायची. तोवर तो कुळाचार झाला होता.

माझी मुलगी चार वर्षांची असताना एकदा आरासीपुढे पालथी पडून त्या घराच्या खिडक्यांतून आत डोकावत होती. एकेक पडदा बोटानं उचलायची आणि आत काय दिसलं ते मला सांगायची. मी दुपारचा पेपर घेऊन बसलो होतो; आत्या, तोवर फार म्हातारी, मशीन सुटलेली, भिंतीला टेकून वाती वळत होती. मुलगी सरकत सरकत मागच्या बाजूला गेली. सहावा पडदा तिनं नखानं उचलला.

"बाबा, इथं तर भिंतच आहे."

मी पेपर खाली केला. इतक्या वर्षांत मला कुणी विचारलं नव्हतं, आणि इतक्या वर्षांत मी काही उत्तरही तयार ठेवलं नव्हतं.

आत्यानं वातीवरून नजरही काढली नाही. "हळू गं," ती म्हणाली. "आत मी झोपलेय."

मुलीनं घाईघाईनं पडदा सोडला, वरून हात फिरवून सारखा केला, आणि तोंडावर बोट ठेवून मला गप्प राहायची खूण केली.